काझाला जाऊन करायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न जवळपास दरवेळी याच शब्दांत येतो: "स्पितीला निघालोय, काझाला मुक्काम आहे. ट्रेक करावेत की गोंपा (बौद्ध मठ) आणि गावं बघावीत? दोन्हीला वेळ नाही." स्पिती म्हणजे हिमाचलातलं उंचावरचं कोरडं खोरं, काझा तिथलं मुख्य गाव. विचारणारे बहुतेक वेळा सह्याद्री पालथा घातलेले असतात. सोबत गाडीवाल्याने पाठवलेली यादी असते: ‘की’ गोंपा, किब्बर, चिचम, लांगझा, हिक्कीम, कोमिक. दोन दिवसांत सगळं.

माझं म्हणणं असं की ती यादी अर्धी करा. जी गावं उरतील त्यांत शक्य तिथे पायी जा आणि रात्री तिथेच राहा. ट्रेक एकीकडे आणि गावं दुसरीकडे अशी वाटणी स्पितीत होतच नाही. माणसं, गुरं, लग्नाची वऱ्हाडं शतकानुशतकं ज्या वाटांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला गेली, त्याच तुमच्या ट्रेकच्या वाटा आहेत. गोंपाही त्यांच्याच कडेला आहेत.

पण त्याआधी दोन रात्री काहीही करायचं नाही. हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पडतात. काझा सुमारे ३,६५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे काझाच्या बाजारात उभं राहिलात तरी तुम्ही कळसूबाईच्या दुपटीहून वर असता. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के. राजगड-तोरणा एका दिवसात केलेत म्हणून यात काही सूट मिळत नाही. उलट दणकट माणसंच जास्त आजारी पडलेली मी पाहिली आहेत, कारण ती पहिल्याच संध्याकाळी समोरची टेकडी चढून येतात. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथवर ठीक. थांबा, पाणी प्या, आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जाऊ लागला, तर मात्र रात्र काढू म्हणायचं नाही. खाली उतरायचं, आणि उतरण्याची सोय होईपर्यंत काझाच्या सरकारी रुग्णालयात. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

याच कारणासाठी जाताना शिमल्याच्या बाजूने जा. कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत गेलात तर शरीर हळूहळू सवय करून घेतं. मनालीहून निघालात तर २,००० मीटरवरून एका दिवसात साडेचार हजारांवरचा कुंझुम घाट ओलांडून काझाला पोचता. २०२० साली रोहतांगखालचा अटल बोगदा झाल्यापासून मनालीकडून येणं आणखी सोपं झालंय, आणि सोपं झालंय हाच घोटाळा आहे. कुंझुमने बाहेर पडा, आत येऊ नका.

आता त्या यादीबद्दल. तिच्यातल्या निम्म्या जागांच्या नावामागे ‘जगातलं सर्वात उंच’ असं काहीतरी लावलेलं असतं. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस, काझाचा पेट्रोल पंप, कोमिक गाव, चिचमचा पूल. फलकासमोर फोटो, पुढच्या फलकाकडे. देवदर्शनाची रांग उरकावी तसं चालतं हे. चिचमच्या पुलाचंच घ्या. २०१७ साली तो सुरू झाला. त्याआधी त्या खोल घळीवरून पलीकडे जायला तारेवर लटकणारा पाळणा होता आणि दोरी हाताने ओढत माणसं ये-जा करायची. आजारी माणूस, पिठाचं पोतं, शाळेतली पोरं, सगळं त्या पाळण्यातून. हे चिचममधल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या चुलीशी बसून ऐकण्यासारखं आहे. पुलावर गाडी पाच मिनिटं थांबवून ते कळत नाही.

मुक्कामाची सोय तिथली एसटीच, म्हणजे हिमाचल परिवहनची बस, करून देते. किब्बरची बस काझाहून दिवस कलताना निघते आणि दुसऱ्या सकाळी परत येते. गावच्या लोकांची बाजारातली कामं संपवून त्यांना घरी सोडण्यासाठी ती आहे, पर्यटकांसाठी नाही. त्यामुळे तिने गेलात की राहावंच लागतं. मला ही फार शहाणी व्यवस्था वाटते.

किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर आहे. तिथे लोक हिमबिबट्या बघायला येतात, तेही फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत, तोंडातून निघालेली वाफ मफलरवर गोठत असताना. उन्हाळ्यात गेलात तर तो दिसेल अशी आशा धरू नका. तो भरल-आयबेक्स या रानमेंढ्या-रानबकऱ्यांच्या मागे उंच निघून गेलेला असतो. पण त्याची गोष्ट उन्हाळ्यातही गावात आहे. इथला मेंढपाळ एकेकाळी या जनावराला शिव्याच घालायचा. गोठ्यात शिरला तर एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारून जातो, शिव्या घालणार नाही तर काय? नव्वदच्या दशकापासून इथे काम करणाऱ्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या वन्यजीव संस्थेच्या मंडळींबरोबर गावाने चराईची काही जमीन भरलांसाठी मोकळी सोडली आणि मारल्या गेलेल्या गुरांसाठी विमा सुरू केला. आज ज्या घरात तुम्ही उतराल तिथला मुलगा हिवाळ्यात कड्यावर दुर्बीण लावून बसत असतो, पाहुण्यांना हिमबिबट्या दाखवायला. त्याला विचारा, तो रात्री उशिरापर्यंत बोलेल. सकाळी त्यालाच घेऊन गावामागच्या कुरणांकडे चढा. तब्येत उत्तम असेल आणि वरच्या उंचीवर चार-पाच दिवस काढून झाले असतील, तर इथूनच कनामोच्या वाटेला लागता येतं. सहा हजार मीटरच्या जरा आतलं शिखर आहे, दोर लागत नाही, पण फुप्फुसांची परीक्षा घेतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती लांगझाहून सुरू होणारी चाल. लांगझा, हिक्कीम, कोमिक, मग देमुल, ल्हालुंग आणि शेवटी धनकर. रोज एक गाव केलं तरी चालेल. लांगझाच्या डोक्यावर चाऊ चाऊ कांग निल्दाचं ६,३०३ मीटरचं शिखर आहे आणि पायाखाली समुद्र आहे. खरंच समुद्र. भारताचा तुकडा आशियाला धडकण्यापूर्वी इथे टेथिस समुद्र होता. त्याचा तळ उचलला जाऊन हिमालय झाला. गावामागच्या ओढ्यात शंखासारखे वेटोळे असलेले अमोनाइट, म्हणजे त्या समुद्रातल्या जीवांचे अवशेष, दगडात मिळतात. गावातली मुलं ते विकायला आणतात. घेऊ नका, उचलूही नका. बघा, हातात घ्या, परत ठेवा.

लांगझा ते कोमिक अर्ध्या दिवसाची चाल आहे, घाई करायचं कारण नाही. तिबेटी बौद्ध धर्मात निरनिराळे पंथ आहेत: कोमिकचा गोंपा साक्य पंथाचा, ‘की’चा गेलुग पंथाचा, पिनच्या खोऱ्यातला कुंगरीचा न्यिंगमा पंथाचा. एकाच तालुक्यात हे फरक दिसतात, फक्त विचारायचं धाडस पाहिजे. कोमिक ते देमुल मात्र पूर्ण दिवस जातो, वाटेत वस्ती नाही, आणि उघड्या माळावर वाट फुटते तिथे कुठली धरायची हे नकाशा सांगत नाही. गावचा वाटाड्या घ्याच. देमुलला पाहुणे घरांमध्ये आळीपाळीने वाटले जातात, म्हणजे रस्त्याकडेच्या घरानेच सगळं कमवायचं असं होत नाही. तुम्हाला कुठलं घर मिळेल ते गाव ठरवतं. ‘अटॅच्ड बाथरूम आहे का’ हा प्रश्न तिथे विचारू नका. शौचालय कोरडं असतं: वर भोक, खाली साठवण, झाल्यावर फावडंभर माती. पाणी ओतायचं नाही, टिश्यू किंवा पॅड टाकायचे नाहीत, कारण ते खत पुढे शेतात जाणार आहे. पाऊस जवळजवळ नसलेल्या त्या प्रदेशात जव आणि मटार पिकतो तो हिमनद्यांचं पाणी पाटांनी वळवून आणि या खतावर. ऑगस्टमध्ये गेलात तर मटाराची तोडणी चालू असेल. मदत करतो म्हणालात तर कुणी नाही म्हणत नाही, आणि गप्पा गोंपापेक्षा शेतात जास्त होतात.

ल्हालुंगचं जुनं मंदिर चुकवू नका. बाहेरून एक मातीची खोली, आत भिंतभर सोनेरी मूर्ती. धनकर ही स्पितीची जुनी राजधानी, झिजलेल्या मातीच्या सुळक्यांवर चिकटलेली, खाली पिन आणि स्पिती नद्यांचा संगम. २००६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंत तिचं नाव घातलं होतं. त्यामुळे जुन्या गोंपाच्या छपरावर घोळक्याने चढू नका. वरच्या तळ्यापर्यंतची चढण तासाभराची आहे, ती मात्र जरूर करा.

ताबोला जाताना थांबलात तर एक संध्याकाळ आणि एक सकाळ द्या. इ. स. ९९६मध्ये उभारलेलं मातीचं मंदिर, १९७५च्या भूकंपात हादरलं पण पडलं नाही. आत फोटो काढू देत नाहीत आणि त्याबद्दल कुरकुर ऐकली की माझं डोकं फिरतं. हजार वर्षांच्या भित्तिचित्रांवर फ्लॅश मारून तुम्हाला काय मिळणार आहे? दारातून आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहा. भिंतींतून पुढे आलेल्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात. छोर्तेन (स्तूप) किंवा मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) वाटेत आली तर ती उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. त्यासाठी वळसा पडला तरी.

पिनच्या खोऱ्यात जास्तीचे दोन दिवस असतील तरच जा. मुध हे रस्त्याचं शेवटचं गाव, तिथून पिन-भाबा घाटाचा ट्रेक शेजारच्या किन्नौर जिल्ह्यात उतरतो. या खोऱ्यात बुचेन नावाचे गृहस्थाश्रमी कलावंत-लामा आहेत. माणसाच्या पोटावर शिळा ठेवून ती फोडण्याचा त्यांचा विधी प्रसिद्ध आहे. तो विधी आहे, कार्यक्रम नाही. तुमच्या नशिबात असेल तर दिसेल. पैसे देऊन करवून घेणाऱ्या टोळ्यांत सामील होऊ नका.

महिना कुठला, हे तुम्ही पुढे विचारणारच. कुंझुम साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुला असतो. किन्नौरकडचा रस्ता बारमाही म्हणतात, पण पावसाळ्यात दरडी आणि हिवाळ्यात बर्फ त्याला अडवतातच. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा: मटार निघालेला, जव पिवळा, रस्ते बरे, गर्दी ओसरलेली. ऑगस्टमध्ये काझाला लादरचाची जत्रा भरते. पूर्वी ती किब्बरच्या मैदानात भरायची आणि लडाख, किन्नौर, तिबेटचे व्यापारी तिथे लोकर, मीठ, धान्य बदलून न्यायचे. आता बाजार प्लास्टिकच्या बादल्यांचा जास्त असतो, नाच मात्र अजून बघण्यासारखा. भारतीयांना स्पितीसाठी परवाना लागत नाही, परदेशी मित्र सोबत असेल तर किन्नौरमार्गे येण्यासाठी त्याला इनर लाइन परमिट (सीमाभागाचा परवाना) काढावं लागेल.

रोख पैसे बरोबर ठेवा. आणि परतीचं विमानाचं तिकीट काझाहून निघण्याच्या दिवसानंतर किमान तीन दिवसांनी काढा. दरड कोसळली की रस्ता उघडेपर्यंत वाट बघण्यापलीकडे कुणाच्या हातात काही नसतं, मग ते तीन दिवस ताबोत काढलेत तरी मजेत जातात.