तुम्ही विचारलंत म्हणून: शकुंतला अजून इंग्रजांची आहे का?

मी मूर्तिजापूरकडचा आहे असं कळलं की पुण्या-मुंबईची माणसं हमखास एकच प्रश्न विचारतात: "ती तुमच्याकडची शकुंतला रेल्वे अजून इंग्रजांच्या मालकीची आहे म्हणे, आपण तिचं भाडं इंग्लंडला पाठवतो म्हणे, खरं आहे का हो?" पंधरा ऑगस्ट जवळ आला की तशा अर्थाचा संदेश मोबाइलवर फिरायला लागतो आणि मग नातेवाईक, जुने वर्गमित्र, शेजारी, सगळे तेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून या वेळी नीट लिहून काढतो. 'नाही' एवढं एका शब्दात सांगून भागत नाही, कारण खरी गोष्ट त्याच्या पुढेच सुरू होते.

आधी लाइन कुठली ते सांगतो. मुंबई-नागपूर मेन लाइनवर अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये मूर्तिजापूर लागतं. तिथून दोन फाटे निघतात. एक उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जातो, सुमारे 76 किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, 113 किलोमीटर. दोन्ही नॅरोगेज, दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. दोन्हीकडच्या गाडीला आमच्याकडे शकुंतलाच म्हणतात. याच कंपनीचा तिसरा एक फाटा वर्धा जिल्ह्यात आहे, पुलगाव ते आर्वी, 35 किलोमीटरचा. तिथली गाडी तर सगळ्यांत आधी थांबली आणि तिच्याविषयी कुणी विचारतही नाही.

आता मालकी. मुंबईत किलिक निक्सन नावाची पेढी होती. तिने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मेन लाइन जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. तिला माल आणून देणारे छोटे फाटे हवे होते, पण त्यांत सरकारला स्वतःचा पैसा गुंतवायचा नव्हता. म्हणून खासगी कंपन्यांशी व्यवहार ठरायचा: भांडवल तुम्ही घाला, रूळ तुम्ही टाका, गाड्या मेन लाइनवाले चालवतील आणि उत्पन्नातला वाटा तुम्हाला मिळेल. देशभर असे फाटे बांधले गेले. शकुंतला त्यांतलीच एक. मार्ग कंपनीचा, इंजिन, डबे आणि माणसं आधी जीआयपीची, मग मध्य रेल्वेची.

स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय हातांत आली. म्हणजे इंग्रजांना भाडं जातं, राणीला भाडं जातं, ही सगळी हवा आहे. रकमेचा आकडाही दर संदेशात वेगळा असतो, त्यावरूनच काय ते ओळखा. खरं आहे ते एवढंच: रेल्वेचं राष्ट्रीयीकरण होऊन 1951 मध्ये तिचे विभाग पाडले गेले, तेव्हा हा मार्ग सरकारच्या ताब्यात आला नाही. कंपनीशी असलेला करार चालू राहिला. दर दहा वर्षांनी त्याचा विचार व्हायचा आणि दर वेळी आहे तसं चालू द्या, असंच ठरायचं.

मला चीड येते ती या 'आहे तसं चालू द्या'ची. इंग्रजांच्या नावाने बोटं मोडली की मन मोकळं होतं, पण रुळांखालची एक खडीसुद्धा हलत नाही. ज्याच्या मालकीचा मार्ग, त्याला त्यात पैसा घालण्यात फायदा दिसत नव्हता. जो गाडी चालवतो, त्याने दुसऱ्याच्या मालमत्तेवर कोट्यवधी रुपये खर्च का करावेत, हा प्रश्नही हिशेबाला धरूनच होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मध्ये लाइन खचत गेली. आधी वेग उतरवला, मग फेऱ्या उतरवल्या, मग गाडीच उतरवली.

असंच होणार होतं, दुसरं काही शक्यच नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मी बार्शी लाइट रेल्वेकडे बोट दाखवतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरची ती कामगिरी. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, मिरज, लातूरपर्यंत वाढली. गेज तेच, अडीच फुटी. मालकी तशीच, खासगी कंपनीची. फरक इतकाच की 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतली. त्यानंतरही ती किती तरी वर्षं रखडतच चालली, हे मान्य. पण निर्णय घ्यायला मालक एकच होता, म्हणून उशिरा का होईना, टप्प्याटप्प्याने अख्खी लाइन ब्रॉडगेज झाली. एप्रिल 2016 आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं. पहिल्या फेरीत दहा वॅगनींतून पाच लाख लिटर पाणी गेलं आणि नंतर मोठी गाडी लागली. ते पाणी ज्या वाटेने लातूरला पोचलं, ती कॅलथ्रॉपच्या त्या छोट्या लाइनचीच वाट. 1954 चा तो व्यवहार झाला नसता तर मिरज-लातूर रुळांवरही बाभळीच उगवल्या असत्या. शकुंतलाच्या वाट्याला असं 1954 कधी आलंच नाही.

शकुंतला बांधली कापसासाठी, याबद्दल वाद नाही. 1867 मध्ये मेन लाइन नागपूरला पोचली होती आणि अमरावती, खामगावसारख्या मोठ्या बाजारांना लवकरच जोडफाटे मिळाले. जलंब-खामगाव हा 13 किलोमीटरचा तुकडा त्यांतलाच, तो आजही चालू आहे. राहिले होते ते आतले बाजार: कारंजा, दारव्हा, यवतमाळ, अंजनगाव, अचलपूर. तिथल्या जिनिंग-प्रेसिंगमधून, म्हणजे सरकी काढून कापूस दाबणाऱ्या कारखान्यांतून निघालेल्या गाठी या छोट्या गाडीतून मूर्तिजापूरला यायच्या, तिथे उतरायच्या, मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबई बंदरातून पुढे मँचेस्टरला जायच्या. मँचेस्टरहून उलट इकडे आलं ते इंजिन. 1921 मध्ये तिथे बनलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून या लाइनवर धावायला लागलं आणि 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झालं. त्यानंतर डिझेल आलं.

मूर्तिजापूरच्या त्या उतरवण्या-चढवण्यातच लाइनचं दुखणं होतं. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर जात नाही. प्रत्येक गाठीला दोनदा हमाली, दोनदा मोजदाद आणि मध्ये वॅगन मिळेपर्यंत फलाटावर मुक्काम. अवेळी पाऊस आला तर माल भिजायचा. ट्रक जिनिंगच्या दारातून उचलतो आणि थेट गिरणीच्या दारात टाकतो. व्यापाऱ्यांनी ट्रक धरला यात त्यांची चूक नाही. माल गेला आणि कमाईही त्याच्याबरोबर गेली. मागे राहिले प्रवासी, आणि प्रवासी गाडी तोट्यातच चालते हे कोणताही रेल्वेवाला सांगेल.

मी या गाडीने गेलो ते बहुतेक अंजनगावला, मामाकडे. तेव्हाही लोक हसायचे, एवढ्या वेळात एसटी दोनदा जाऊन येईल म्हणायचे. अचलपूरपर्यंत चार तास सहज लागायचे. मधल्या स्टेशनांवर तिकीटबाबू नव्हता, बऱ्याच फाटकांवर गेटमनही नव्हता. सगळी कामं गाडीतलीच माणसं करायची. फाटक जवळ आलं की गाडी थांबायची. एक जण उतरून पुढे जायचा, फाटक लावायचा. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राहायची. तो फाटक उघडायचा, दोन्हीकडच्या बैलगाड्या आणि मोटारसायकली सुटायच्या आणि मग तो धावत येऊन डब्याचा दांडा धरायचा. कापूसतळणीसारख्या ठिकाणी गार्डसाहेब खाली उतरून तिकिटं फाडायचे. एखादी म्हातारी बांधावरून हात करत येताना दिसली तर म्हणायचे, "या माय, सावकाश या, गाडी कुठं पळून चालली!" तिच्या डोक्यावर विड्याच्या पानांची टोपली असायची. अंजनगावची पानं दर्यापूरच्या बाजाराला जायची. टोपलीला एसटीत जागा मिळत नसे, कंडक्टर कुरकुर करायचा. इथे टोपलीही बसायची आणि म्हातारीही. तिकीट एसटीच्या मानाने अगदीच किरकोळ.

तेव्हा गाडी हळू होती म्हणून कुणाला नको होती, हे मला कधीच पटलं नाही. ज्याच्याकडे मोटारसायकल होती त्याला नको होती. शेतमजूर, भाजीवाल्या, आठवडी बाजारचे लोक, कारंज्याच्या गुरुमंदिराला जाणारे भाविक, यांना ती हवी होती. अचलपूर-दर्यापूर पट्ट्यात गाडीसाठी आंदोलनं झाली ती याच लोकांनी केली, आणि त्यांतल्या एकाच्याही तोंडी मी इंग्रजांचं नाव ऐकलेलं नाही.

बंद होण्याच्याही दोन तऱ्हा असतात आणि त्यांतला फरक आसपासच्या लाइनी बघितल्या की कळतो. नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली, पण ब्रॉडगेजच्या कामासाठी. अकोला-खंडवा मीटरगेज 2017 च्या सुरुवातीला थांबली. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून रुंद लाइन न्यायची की नाही यावर बराच वाद झाला आणि मार्ग जंगलाबाहेरून वळवायचं ठरलं. धूळघाटचा तो प्रसिद्ध वेढा, जिथे लाइन चढ चढताना स्वतःवरूनच पलीकडे जायची, तो त्यामुळे कायमचा गेला. मला त्याचं वाईट वाटतं, तरी निर्णय योग्यच झाला असं मी म्हणेन. वाघांच्या जंगलातून वेगवान गाड्या नकोतच. निदान अकोला ते अकोट ब्रॉडगेज होऊन गाड्या सुरू झाल्या. खानदेशात पाचोरा-जामनेर, तिकडच्या लोकांची 'पीजे', तीही थांबली, पण ती रुंद करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं आहे. या सगळ्या बंद लाइनींना निदान पुढचं पान आहे.

शकुंतलाचं तसं झालं नाही. यवतमाळची बाजू आधी थांबली, अचलपूरची त्यानंतर काही वर्षं चालली आणि तीही थांबली. 2016 मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी रुंदीकरणासाठी 1500 कोटी रुपये मंजूर केल्याचं जाहीर झालं, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. रूळ मात्र आहेत तिथेच आहेत. त्यांच्या कडेने चालून बघा. सांध्यांवरचे बोल्ट गेले आहेत, स्लीपरांच्या मध्ये वेडी बाभूळ माणसाच्या उंचीची झाली आहे. गावाजवळ रुळांवर गोवऱ्या वाळत असतात, कुठे तुरीच्या तुराट्यांची गंजी रचलेली असते. त्यात त्या माणसांचा दोष नाही, रिकामी जागा कोण सोडतं? पण मार्गाचा पट्टा असा तुकड्या-तुकड्याने गेला की पुढे नवीन लाइनसाठी तीच जमीन बाजारभावाने घ्यावी लागेल. मला सगळ्यांत जास्त काळजी या पट्ट्याची वाटते. डबे नवे मिळतील, रूळ नवे टाकता येतील. शंभर वर्षांपूर्वी गावागावातून सलग मिळालेली वाट पुन्हा मिळणार नाही. ती आज मोजून, खांब रोवून राखली पाहिजे, मग गाडी कधी का सुरू होईना.

आणि ती सुरू व्हायला आता एक नवं कारण आहे, जे त्या संदेशांत कुठेच नसतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही 284 किलोमीटरची ब्रॉडगेज लाइन होते आहे. वर्धा ते कळंब हा तिचा पहिला टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. यवतमाळनंतर ती दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जाणार. दारव्ह्याच्या स्टेशनाचं नाव दारव्हा मोतीबाग जंक्शन. जंक्शन का, तर एके काळी तिथून पुसदला फाटा जायचा, तो केव्हाच उखडला गेला. ते पुसद आता पुन्हा रेल्वेवर येईल आणि यवतमाळलाही मोठी गाडी मिळेल. मग शकुंतलाच्या 113 किलोमीटरपैकी उरतं काय? मूर्तिजापूर ते दारव्हा, म्हणजे मुख्यतः कारंजा. हा तुकडा रुंद केला तर मुंबई-नागपूर मेन लाइन आणि नांदेडची नवी लाइन एकमेकींना मिळतात आणि कारंज्याचा कापूस-सोयाबीन दोन्हीकडे सरळ जातो, मूर्तिजापुरात न उतरता. अचलपूरच्या 76 किलोमीटरचा हिशेब वेगळा मांडावा लागेल, तिथे संत्र्याचा माल आहे आणि रोजचे प्रवासी आहेत. पण कारंज्याच्या तुकड्यासाठी मला याहून जास्त पटवून द्यावं लागू नये.