मिठाच्या झिलईची बरणी: काम कुठवर आलं

‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’मधल्या चित्रांवरून सराव चालूच आहे. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मंदीच्या काळात अमेरिकन सरकारने बेकार चित्रकारांना पगारी काम दिलं आणि १९३५ ते १९४२ या काळात गोधड्या, वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारे कोंबडे), शेकर या साधी राहणी पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांच्या खुर्च्या, खेळणी अशा साध्या वस्तूंची जलरंगात नोंद करून घेतली. १८,०००हून जास्त चित्रं झाली. आता ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत आणि मोठ्या आकारात फुकट डाउनलोड करता येतात. (या कामाच्या पहिल्या समन्वयक रूथ रीव्ह्ज पुढे आपल्याकडे आल्या, इथल्या ओतीव धातुकामाचा अभ्यास केला आणि १९६६ साली दिल्लीतच वारल्या.)

सध्या हातात आहे ती निळी नक्षी असलेली दगडी बरणी, म्हणजे दगडासारख्या टणक भाजलेल्या मातीची (स्टोनवेअर). भट्टी ऐन तापात असताना आत मीठ टाकायचं, त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी मिळून काच धरते, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा होतो. माझी सगळी झटापट या सालीशी. कोल्ड प्रेस, म्हणजे खरबरीत कागद स्वतःचेच खड्डे दाखवतो, ते बरणीचे वाटत नाहीत. म्हणून गुळगुळीत हॉट प्रेस घेतला. रॉ अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांचा अगदी पातळ करडा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा. चौथ्या-पाचव्या थरानंतर गोलाई यायला लागते. खड्डे शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने, तेही फक्त उजेड आणि सावली मिळतात त्या पट्ट्यात. सगळीकडे टिपके दिले की बरणीला गोवर आल्यासारखा दिसतो.

नक्षीचा निळा कोबाल्टचाच, पण नुसता ट्यूबमधला कोबाल्ट ब्लू फिका पडतो. कुंभाराचा ब्रश जिथे टेकला तिथे रंग साचून जवळजवळ काळा होतो, तिथे इंडॅन्थ्रोन हा गडद निळा मिसळला. कडा ओल्या ब्रशने जराशा सोडवल्या. झिलईतली चमक मात्र कोरा कागद राखूनच; पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) लावला तर ती खडूसारखी मेलेली दिसते, असं माझं ठाम मत.

मागे पार्श्वभूमी नाही. या चित्रांत वस्तू बहुधा कोऱ्या कागदावरच उभी असते, त्यामुळे बाह्यरेषा जरा ढिली पडली तरी लगेच उघडी पडते.

कानाची सावली बाकी आहे. ती झाली की गोधडी घेणार. विटलेल्या लाल सुतासाठी कोणता रंग वापरता, सांगा.