ऊन येतं, पण जातं कसं?

आमच्या परभणी भागात ऊन म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर आणि डिसेंबरातल्या काही पहाटे ५-६ अंशांवर, हे दोन्ही अंगावर घेतच आम्ही वाढलो. त्यामागचं कारण मात्र शाळेने दिलं.

नववीत विज्ञानाच्या सरांनी विचारलं होतं, "पौषात आभाळ मोकळं असलं की थंडी कडाक्याची पडते आणि आभाळ आलं की कमी होते. का रे?" आम्ही सगळी शेतकऱ्यांची पोरं. आभाळ आलं की ज्वारीवर चिकटा पडतो, हरभऱ्यावर अळी येते, एवढं घरी ऐकलेलं. पण थंडी का जाते, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

सरांनी फळ्यावर समजावलं. दिवसा तापलेली जमीन ती उष्णता परत आकाशाकडे सोडते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग, पण या किरणांना ते जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. हे वायू उष्णता शोषून पुन्हा चहूकडे सोडतात, त्यातली बरीचशी खाली जमिनीकडे येते. ढगही तेच करतात. म्हणजे आभाळ आलेली रात्र गोधडी पांघरलेली असते, आणि आपली कोरडी, निरभ्र रात्र उघडी.

मग सरांनी एक आकडा लिहिला: उणे १८. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान एवढं असतं. प्रत्यक्षात ते सुमारे १५ आहे. पुढे बी.एस्सी.ला मी तो हिशेब स्वतः मांडला. वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊन येतं; पृथ्वी गोल असल्याने सरासरी त्याचा चौथा भाग, ३४० वॅट. त्यातलं ३० टक्के ढग, बर्फ आणि जमीन परत पाठवतात. उरलेले सुमारे २४० वॅट परत आकाशाकडे सोडायला पृथ्वी किती तापलेली हवी, याचं उत्तर आलं, उणे १८! त्या दिवशी सरांची फार आठवण झाली.

आज गावी गेलो की पारावर ऐकू येतं, "आता सूर्यच जास्त तापायला लागलाय." तसं नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात अशी वाढ दिसलेली नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होतो आहे. बदलली आहे ती उष्णतेची बाहेर जाण्याची वाट. कोळसा आणि तेल जाळून आपण कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत २८० वरून ४२० च्या पुढे नेलं आहे. हा वायू उष्णता अडवतो, हे जॉन टिंडल या शास्त्रज्ञांनी १८५९ मध्येच प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली होती. ही काही कालची अफवा नव्हे.

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मी तिला कमाल-किमान तापमापी आणि ती ठेवायला झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी देतो आहे. नववीच्या मुलांनी रोज सकाळी रात्रीचं किमान तापमान आणि आभाळ होतं की नाही, हे वहीत लिहावं. हुरड्याच्या दिवसांत त्या नोंदी वर्गात वाचा आणि सरांचा तो प्रश्न मुलांना विचारा.