रातचं पाणी

शनिवार, २९ मार्च २०२५

सकाळी बागेतून आलो तर चहा गॅसवर उतू चाललेला अन् लेक ओट्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. मी ओरडणार, तेवढ्यात तीच ओरडली, "बाबा, जिंकली ना ते!"

ते म्हणजे अलिसा लिऊ. अमेरिकेची, एकोणीस वर्षांची, बर्फावर नाचणारी पोरगी. "नाचणारी नाही, फिगर स्केटर म्हणा," हे लेक मला दर वेळी सांगते. बोस्टनला जागतिक स्पर्धा चालू आहे, तिकडची काल रात्र ती आपली आज सकाळ. २२२.९७ गुण झाले. तीन वर्षं लागोपाठ जिंकलेली जपानची काओरी साकामोतो पाच गुणांनी मागं राहिली. २००६ नंतर पहिल्यांदा अमेरिकेच्या मुलीनं हे पद मिळवलं.

संत्र्याच्या बागेत आयुष्य गेलेला माणूस ह्यात कसा पडला, तर लेकीमुळं. तिनं शर्यतीचं पळणं सोडलं अन् संध्याकाळी फोन घेऊन बसायला लागली. टोकायचं म्हणून शेजारी जाऊन बसलो, अन् मग तिथंच बसत गेलो. आपल्याकडं बर्फ म्हणजे बाजाराच्या दिवशी पोत्यात गुंडाळून येणारी गोळेवाल्याची लादी. इथं साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद लादी, अन् तिच्यावर चार मिलिमीटरच्या पात्यावर उभं माणूस. पात्याला खालून पन्हळ असते, म्हणून धारा दोन, आतली अन् बाहेरची. टोकाला विळ्यासारखे दाते. लट्झ नावाच्या उडीत मागं मागं जात बाहेरच्या धारेवर कलायचं, दाते बर्फात रोवायचे अन् अंग ज्या बाजूला वळत असतं त्याच्या उलट्या बाजूला फिरायचं. लेकीनं हे मला ओट्यावर, पायात स्लीपर घालून करून दाखवलं. त्यात तुळशीची कुंडी गेली. तिची माय आठ दिवस बोलली नाही, माझ्याशी.

ही अलिसा पाचव्या वर्षी बर्फावर उतरली. तेराव्या वर्षी, २०१९ साली, अमेरिकेची विजेती. तिच्या आधी एवढ्या लहान वयात कोणी झालं नव्हतं. त्याच वर्षी तिनं स्पर्धेत चार गिरक्यांची लट्झ मारली. अमेरिकेतली ती पहिलीच मुलगी. २०२२ ला बीजिंग ऑलिम्पिक, लगेच जागतिक स्पर्धेत कांस्य, अन् एप्रिलमध्ये सांगून टाकलं, झालं माझं. वय वर्षं सोळा! मग एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालून आली, कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, बर्फाकडं फिरकली नाही. २०२४ च्या जानेवारीत डोंगरावर स्कीइंगला गेली अन् अंगात जुनं काहीतरी सळसळलं. कोचला फोन केला, तर तोच म्हणाला, नको येऊ. आली. पण आता गाणं मी निवडणार, कपडे मी ठरवणार, काय खायचं तेही मीच बघणार.

आज सोनेरी ड्रेस होता. केसांत पिवळी वलयं काढलीत, दर वर्षी एक वाढवते म्हणे, खोडातल्या वलयांसारखं. मला एवढंच एक काम तिचं नीट कळलं. चार मिनिटांत एकही चौपट उडी नाही, बहुतेक तीन-तीन गिरक्यांच्या, अन् हसत होती. पोर हलकं, अरुंद असतं तोवर हवेत चार गिरक्या पुऱ्या होतात. अंग भरलं की त्याच उड्या जड जातात. बीजिंगला रशियाची पंधरा वर्षांची कमिला वालियेवा औषधाच्या चाचणीत अडकली, अन् तरी उतरवली, तेव्हा भर मैदानात एकामागून एक पडत गेली. ते लेकीनं मला एकदाच दाखवलं. पुन्हा दाखवू नको म्हटलं. त्या उन्हाळ्यात नियम झाला, मोठ्यांच्या स्पर्धेत उतरायला पंधराऐवजी किमान सतरा वर्षं.

आमच्या आजोबांना हे माहीत होतं. आंबिया बहारासाठी आपण डिसेंबरात बागेचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. पानं मलूल होतात, बघवत नाही. जानेवारीत पाणी सोडलं की फूल. पण ते मोठ्या झाडाला. तीन वर्षांच्या कलमावर फूल दिसलं की म्हातारा खुडून टाकायचा. मी २०१७ साली धुऱ्याकडच्या ओळीवर घेतला बहार. पैशाची नड होती. फळ झकास आलं, व्यापारीही खूश. पुढं शेंडे वाळायला लागले, दर वर्षी सल, म्हणजे वाळलेली काडी, छाटून काढतो अन् दर वर्षी नवी निघते. त्या ओळीत आज अकरा झाडं उरलीत.

लेक आठशे मीटर पळायची. तेराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आली अन् मी शहाणा हातात स्टॉपवॉच घेऊन धुऱ्यावर उभा राहायला लागलो. पहाटे पाच वाजता. नडगी दुखते म्हणायची. शिकवणारे म्हणत, दुखल्याशिवाय वेग येत नाही, अन् मी मान हलवायचो. मी तर त्यांच्याही पुढं, रात्री तेल लावून द्यायचो अन् सकाळी पुन्हा उठवायचो. दिवाळीत म्हणाली, "मले नाही पळा लागत आता." काऊन म्हणून विचारलं तर, "तुम्ही घड्याळाकडंच पाहता." महिनाभर मी तिच्याशी धड बोललो नाही. हे इथं लिहितो, तिला अजून सांगितलेलं नाही.

पळेल का पुन्हा? नाही विचारलं. विचारणार नाही.

उद्या पाडवा, सालदार म्हणजे वर्षभराचा गडी ठरवायचा दिवस. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला आमचा जुना गडी आज दिवेलागणीला आला. सुरतेला होता. साल एक लाख चाळीस, वर दोन पोते गहू, एवढ्यावर तोही राजी, मीही राजी. मग टोपी सारखी करून म्हणाला, "पण भाऊ, बाजाराच्या दिवशी मले सुट्टी पाह्यजे. अन् रातचं पाणी मी नाही देत."

"मग रातचं पाणी कोण देईन?"

तो काही बोलला नाही. आतून लेक खिदळली, "कबूल करा बाबा, गाणं तरी नाही मागितलं त्यानं."

कबूल केलं. गड्याला काही कळलं नाही, तरी तोही हसला.

ह्या आठवड्यात पंपाची थ्री फेज वीज रात्री आहे. लाईन बाराला येते. ड्रिपच्या दोन नळ्या उंदरांनी खाल्ल्यात, त्या आधी बघाव्या लागतील. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.