तुम्ही विचारलंत म्हणून: कासव बोलतं का?

"ताई, तुमची कासवं बोलतात का हो?" लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत आणि हल्ली रात्री अकरानंतर मोबाइलवर मला हाच प्रश्न येतो. बरोबर बहुतेक वेळा एक छोटा व्हिडिओ असतो. तळहाताएवढं पिल्लू, दिव्याखाली मान वर केलेली, मागे घरातल्या कुणाचं तरी कौतुकाचं हसू. त्याला जोडून दुसरा प्रश्न: "दिवसभर उन्हात हातपाय टाकून पडतं, बघून धस्स होतं, असं चालतं ना?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगून मी दमले आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पडण्याचं आधी सांगते, कारण ते बहुतेक वेळा आनंदाचं असतं. मागचे पाय सरळ मागे ताणलेले, तळवे उताणे, मान फरशीवर टाकलेली, डोळे मिटलेले, असं कासव उन्हात दिसलं तर ते सुखात आहे. पडू द्या त्याला. उचलून हलवून बघू नका. आपलं अंग आतून गरम राहतं, त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि ती मिळाल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. सल्काटा म्हणजे आफ्रिकेतलं, जमिनीवर राहणारं मोठं कासव, माझ्याकडचीही तीच. त्याच्या पिल्लाला दिव्याखालची जागा साधारण ३२ ते ३५ अंशांची लागते आणि त्याच पेटीच्या दुसऱ्या टोकाला त्याहून थंड सावली लागते. ऊन घ्यायचं, अंग तापलं की उठून सावलीत जायचं, थोडं चरायचं, परत उन्हात यायचं, असा त्याचा दिवस जातो. म्हणून मी उलट विचारते की पडलंय ते ठीक, पण मग उठतं का? उठून कुठे जातं? या प्रश्नावर समोरचा हमखास गप्प होतो. तेवढं कुणी पाहिलेलंच नसतं.

जे पिल्लू दिव्याखालून हलतच नाही, त्याचं अंग पुरेसं तापत नसतं किंवा ते आजारी असतं. आपल्याला आतून ताप चढतो, सरपटणाऱ्या प्राण्याला तसा चढत नाही, म्हणून दुखणं आलं की ते उबेला जाऊन चिकटतं. जे दिव्याकडे फिरकतच नाही, त्याची सगळी पेटीच तापलेली असेल, ते घाबरलेलं असेल किंवा चालायची ताकद उरली नसेल. मात्र अगदी लहान पिल्लं पाल्याखाली दडून राहतात, त्याची काळजी करू नका. उघड्यावर ती कुणाच्याही तोंडचा घास असतात, दडणं त्यांच्या रक्तातच आहे.

आणि कृपा करून खिडकीच्या बंद काचेतून येणाऱ्या उन्हाला ऊन म्हणू नका. काच ऊब आत सोडते, पण उन्हातले यूव्हीबी, म्हणजे अतिनील, किरण अडवते. ते किरण कातडीवर पडल्याशिवाय अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडायला लागते. कबुतरं नकोत, धूळ नको म्हणून आपल्याकडे काचा बारा महिने लावलेल्या असतात. मग यूव्हीबीची नळी लावावी लागते आणि ती उजेड देत असली तरी तिचे किरण वर्षभरात ओसरतात, म्हणून बदलावी लागते. याच्या उलट टोकाला, मे महिन्यात प्लास्टिकच्या टबात घालून गच्चीवर ठेवलेली पिल्लंही मला माहीत आहेत. सावलीचा कोपरा नसेल तर तो टब थोड्या वेळात जीव घेतो.

आता आवाजाचं सांगते. हात जवळ नेला की कासव डोकं आणि पाय आत ओढतं आणि 'फुस्स' होतं. तो राग नसतो. त्याच्या फासळ्या पाठीच्या कवचात जखडलेल्या असतात, छाती फुगत नाही. पाय-मान आत गेले की आतली जागा कमी होते आणि फुप्फुसातली हवा बाहेर ढकलली जाते. रात्री ऐकू येणारी खरखर म्हणजे पोटाचं कवच फरशीवर घासणं. मोठे नर मेटिंगच्या वेळी घोगरे हुंकार देतात, ते ऐकून शेजारी खरंच विचारायला येतात. पिल्लंही कधीमधी बारीक 'चीं' करतात. एखाददुसऱ्या वेळी झालं आणि थांबलं, खाणंपिणं नीट असलं, तर मी त्यात अर्थ शोधत बसत नाही.

पूर्वी मी याहून ठाम होते. कासवाला आवाज नसतो, विषय संपला, असं म्हणायचे. माझा मुद्दा साधा होता. अंडी मातीत पुरून आई निघून गेलेली असते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा आसपास कुणीच नसतं, मग ते हाक मारणार कुणाला? कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते हे लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं, पण ती भक्तीची भाषा म्हणून बाजूला ठेवलं होतं. मग ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मोठ्या नदीकासवांवरचं संशोधन वाचनात आलं. त्यांची पिल्लं अंडं फुटायच्या आधीपासून आवाज करतात, माद्या पाण्यातून साद देतात आणि पिल्लं त्यांच्याबरोबर नदीतून जातात, हे पाण्यात मायक्रोफोन सोडून नोंदवलं गेलं आहे. २०२२ साली झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ५३ जातींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. त्यातल्या ५० कासवांच्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक मुक्या समजल्या जात होत्या. तेव्हा 'आवाज नसतो' हे वाक्य मी टाकून दिलं. पण म्हणून तुमच्या व्हिडिओतलं पिल्लू बोलतंय असं होत नाही. माझ्या मनातली जुनी मी अजून भांडते: नदीकासवाचं जमिनीवरच्या कासवाला कसं लावायचं? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मी व्हिडिओ पाहून चिडते, असं तुमच्यातले बरेच जण म्हणतात. खरं आहे. त्याचं कारण सांगते.

करोनाच्या आधीचा पावसाळा होता. आम्ही परळला राहतो. खालच्या मजल्यावरच्या ओंकारच्या वडिलांनी सगळ्या इमारतीला व्हिडिओ पाठवला, 'आमचा राजा बोलायला लागला'. राजा म्हणजे त्याच उन्हाळ्यात आणलेलं सल्काटाचं पिल्लू. मी कानाला फोन लावला. दर श्वासाला पेनचं बटण दाबल्यासारखी बारीक टिचकी येत होती. हातातलं ताट ठेवून खाली गेले. ओंकारच्या आजीनं दार उघडलं आणि हौसेनं आत नेलं. "बघ ना, कसा मान वर करून ऊन घेतोय." पिल्लू साध्या पिवळ्या दिव्याखाली उभं होतं. पडलेलं नव्हतं. पुढच्या पायांवर अंग उचललेलं, मान सरळ वर ताणलेली, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आणि दर वेळी पुढचे पाय भात्यासारखे आतबाहेर होत होते. नाकाशी बुडबुडा होता. दिवसभर असाच उभा आहे, आजी म्हणाल्या, दिवा सोडतच नाही, एवढा आवडतो त्याला.

पेटी बेडरूममध्ये होती आणि रात्री तिथे एसी चालायचा. त्यात कुणाचा दोष काढू? दुकानदारानं त्यांना दिवा आणि काकडी एवढंच सांगितलं होतं. घरातली माणसं मायेची होती. ओंकारनं पेटीवर राजाच्या नावाची पाटी रंगवून लावली होती.

मी तिथेच सांगितलं की हा बोलत नाहीये, याला श्वास घेता येत नाहीये. ओंकारचे वडील थोडे दुखावले. "तुम्ही उगाच घाबरवता," म्हणाले. मग माझ्याबरोबर फोन करायला बसले. पहिल्या दवाखान्यानं फक्त कुत्री-मांजरं बघतो म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं फोन उचलला नाही. रात्रभर एसी बंद ठेवून पेटी गरम राखली. सकाळी हिंदमाताला पाणी भरलेलं, टॅक्सी यायला तयार नाही. ओंकारनं बुटांच्या खोक्यात टॉवेल घातला, मी गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवली आणि पाण्यातून चालत आम्ही पलीकडे जाऊन गाडी पकडली. खोक्यातून ती टिचकी येतच होती. ओंकार दर थोड्या वेळानं झाकण उचलून "हो रे, आलोच आपण" असं तिला उत्तर द्यायचा. मी त्याला थांबवलं नाही.

डॉक्टर चांगले होते. एक्स-रे काढला, फुप्फुसं भरलेली दाखवली. कासवाला आपल्यासारखा पोट आणि छातीमधला पडद्याचा स्नायू नसतो, ते जोर लावून खोकू शकत नाही, आत साठलेला कफ आतच राहतो, हे मला वाचून ठाऊक होतं, पण त्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर बघताना पोटात खड्डा पडला. पुढच्या पायात अँटिबायोटिकचं इंजेक्शन, नेब्युलायझर, ऊब. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आधी आणायला हवं होतं. दोन आठवडे आधी तो फक्त कमी खात होता आणि जास्त वेळ दिव्याखाली बसत होता, आणि तेव्हा सगळ्यांना ते चांगलंच लक्षण वाटलं होतं.

राजा त्याच आठवड्यात गेला. संध्याकाळी ओंकार वर आला आणि दारातच विचारलं, "मावशी, तो मला हाक मारत होता का?"

मी खरं सांगितलं. नाही रे, तो श्वासाचा आवाज होता. आजही तेच सांगेन, कारण तेच खरं होतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला त्या क्षणी तेच सांगायला हवं होतं का, यावर मी अजून स्वतःशी वाद घालते. तो काही बोलला नाही. आता कॉलेजात आहे, जिन्यात भेटला की माझ्या कासवांची चौकशी करतो. पेटीचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

त्यामुळे टिचकी, शिट्टी, घरघर, वर ताणलेली मान, उघडं तोंड, न जाणारा बुडबुडा, यातलं काही दिसलं तर मला विचारू नका, डॉक्टर गाठा. आंघोळीनंतर नाकाला पाणी लागून एखादा बुडबुडा येतो, तो वेगळा. पावसाळ्यातल्या दमट हवेला मात्र उगाच बदनाम करू नका. सल्काटाच्या पिल्लांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर जास्त टेंगळं आली होती. ओलावा आणि गारवा एकत्र आले की घात होतो. डिसेंबरात "झोपलंय, शीतनिद्रेत गेलंय" असे फोन येतात, तर सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. गार पडून मलूल झालेलं असतं ते.

आणि हो, "मग कशाला डांबून ठेवता मुक्या जिवाला?" हेही विचारलं जातं. माझी दोन कासवं, शंभू आणि गोदा, मी विकत आणलेली नाहीत, परगावी गेलेल्या एका घरातून आली. दोघांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे, २०२४ च्या नियमांनी ती लागतेच. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सोडा म्हणणाऱ्यांना सांगते, सल्काटा आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातला, त्याला इथल्या जंगलात सोडणं इथल्या प्राण्यांवरही अन्याय आहे. तलावात सोडायला सांगणाऱ्यांना तर हात जोडते. जमिनीवरचं कासव पोहत नाही, बुडतं. पण फ्लॅटमध्ये त्यांना न्याय मिळतो का, असं विचाराल तर 'हो' असं उत्तर माझ्याकडे नाही. हा प्राणी चाळीस किलोंच्या पुढे जातो, जमीन खोल खणतो, माझ्यामागेही अनेक वर्षं जगेल. पुण्याजवळ जमीन असलेल्या एका कुटुंबाशी बोलणं चालू आहे. दर वेळी ते पुढे ढकलण्याचं कारण मला सापडतं.

ज्यांच्याकडे पाठीवर चांदण्या असलेलं कासव आहे, त्यांनी मला फोटो पाठवू नये. ते आपलं स्टार कासव, २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवता येत नाही. भीतीपोटी डॉक्टरकडे न नेता कपाटामागे मरू देण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

बाकीच्यांनी व्हिडिओ जरूर पाठवा, पण नुसत्या तोंडाचा नको. अख्खी पेटी दिसू दे, दिवा कुठे आणि सावली कुठे ते दिसू दे, थर्मामीटरचा आकडा दिसू दे. दहा मिनिटं फोन टेकवून ठेवा आणि बाजूला व्हा. मागे बोलू नका, मला श्वास ऐकायचा असतो.