बाबांना 'ही' म्हणायचं?

शेजारच्या पाचवीतल्या मुलीचा आज इंग्रजीचा अभ्यास घेतला. विषय, माझं कुटुंब. बाबांबद्दल बाईसाहेबांनी लिहिलं होतं, 'दे आर अ फार्मर. देअर सिस्टर लिव्ह्ज इन सातारा.' हसू आलं, पण तिचा हिशोब सरळ होता. बाबांना आपण 'ते' म्हणतो, मग 'दे'च ना! इंग्रजीत आजोबा असोत की पाळण्यातला मुलगा, दोघंही 'ही', असं सांगितल्यावर डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे बाबांना अरे-तुरे करायचं?"

खरा घोळ पुढे होता. दादाच्या बायकोसाठी 'हर वाइफ' लिहिलेलं, कारण बायको बाई आहे! मराठीत त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचं घर असं पुढच्या शब्दाप्रमाणे रूप बदलतं. इंग्रजीत फक्त नातं कुणाचं ते बघायचं. दादाची म्हणून 'हिज वाइफ', वहिनीचा म्हणून 'हर हजबंड'. शाळेत 'ही-हिज, शी-हर' घोकून घेतात, हा फरक मात्र क्वचितच समजावतात. मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तरी अजून हेच.

अपॉस्ट्रॉफी पटकन जमला. भाऊ एक असेल तर एसच्या आधी, दोन असतील तर नंतर.

मग आत्याच्या सासूबाई आल्या. 'माय फादर्स सिस्टर्स मदर-इन-लॉ' एवढं लिहून तिनं पेन्सिल खाली ठेवली. "त्यांना निबंधात नको घेऊया. तशाही त्या मला ओरडतात."