आबांची हरकत

2020 चा जून म्हटलं की मला आधी मोबाईलचं चार्जिंग आठवतं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, आमच्या दापोलीकडच्या वाड्या झोपल्या, पोफळी मधोमध मोडून एकमेकींवर पडलेल्या, लाईट गेली ती किती दिवस गेली ते मोजायचंही आम्ही सोडून दिलं. आणि नेमकी त्याच महिन्यात, 30 जूनपर्यंत, ईआयएच्या नव्या मसुद्यावर हरकत पाठवायची होती. मसुदा इंग्रजी नि हिंदीत, आणि आमच्या छपरावर ताडपत्री!

ईआयए म्हणजे कारखाना, खाण, बंदर काहीही आणायच्या आधी त्याने पर्यावरणाचं काय होईल ते तपासायचं. त्याची 2006 ची अधिसूचना, म्हणजे केंद्र सरकारचे नियम, बदलायचं चाललेलं. मी एकांच्या जनरेटरवर फोन चार्ज करून पीडीएफ उतरवली आणि संध्याकाळी ओटीवर आबांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, एकेक कलम मराठीत सांगत गेले. काम सुरू केल्यावर मागाहून मंजुरी घ्यायची सोय त्यात होती, तिथे त्यांनी मला थांबवलंच. "म्हणजे डोंगर आधी फोडायचा आणि मग विचारायचं, फोडू का?"

दुसरं, जनसुनावणीआधी लोकांना मिळणारी मुदत 30 दिवसांवरून 20 वर आणलेली. आबा बोटांवर मोजायला लागले. जाहिरात पेपरात येणार, ती वाडीत कोणाच्या नजरेस पडेपर्यंत चार दिवस, सारांश मराठीत मिळतो पण पूर्ण अहवाल इंग्रजीत, तो बघायला रत्नागिरी गाठायची, मग समजावून सांगणारा शोधायचा, मग गावची बैठक, त्यात पावसात दरड आली की रस्ता बंद. वीस दिवस तिथेच संपले.

30 जूनलाच दिल्ली हायकोर्टाने मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत, म्हणजे मराठीतही, द्यायला सांगितला. पर्यावरण कार्यकर्ते विक्रांत तोंगड यांची याचिका होती ती. मला हे फार मोठं वाटतं, कारण जो कायदा वाचताच येत नाही त्यावर मत द्या म्हणणं म्हणजे तोंडाला हात लावून बोल म्हणण्यासारखंच.

तेव्हा व्हॉट्सअॅपवर तयार ईमेल फिरत होते, संस्थांनी मेहनत घेऊन बनवलेले, मीही एक पाठवला. त्याने आकडा वाढतो आणि आकडाही लागतोच, लाखोंनी हरकती गेल्या. पण एकच मजकूर हजारदा आला की तो एक मुद्दा म्हणून बाजूला काढता येतो, आबांचा वीस दिवसांचा हिशोब मात्र दुसऱ्या कोणाच्या पत्रात नसणार. म्हणून तो त्यांच्याच हातचा लिहून घेतला, दोन पानं, शाईपेनने, वर कलमाचा नंबर, आणि फोटो काढून मुदतीच्या आत पाठवला.

तो मसुदा पुढे अंतिम झालाच नाही. मागाहून मंजुरीचा प्रश्न मात्र गेलेला नाही. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये अशा मंजुऱ्यांवर बंदी आणली, आणि नोव्हेंबरमध्ये 2 विरुद्ध 1 ने तो निकाल मागे घेतला. बातमी वाचली त्या रात्री मी फाईलीतनं आबांची पानं बाहेर काढून ठेवली. त्यांचा पहिला मुद्दा, आधी डोंगर फोडून मग विचारायचा, जसाच्या तसा परत लागणार आहे.